डेस्कटॉप कधी चालू होतो, कधी नाही: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

पूर्ण बंद पडलेला डेस्कटॉप तसा बरा. जो भाग गेला तो गेलेलाच असतो, शोधायला बसले की सापडतो. खरा छळवाद असतो तो सकाळी बटण दाबून ढिम्म न हलणाऱ्या आणि दुपारी दुकानात नेल्यावर पहिल्याच दाबात सुरू होणाऱ्या मशीनचा. दुकानदार म्हणतो, "कायच झालेलं नाही, चालतोय बघा." आपण घरी आणतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. आधी रॅम, मग एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा), शेवटी मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड). एवढे पैसे घालून झाल्यावर दोष निघतो भिंतीतल्या सैल सॉकेटचा.

म्हणून इथे दिलेला क्रम बाहेरून आत जाणारा आहे: भिंत, वायर, बटण, एसएमपीएस, आणि मदरबोर्ड सर्वांत शेवटी. गोव्यात तर हाच क्रम धरावा. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि किनाऱ्याला बाराही महिने खारा वारा. पितळी पिना हिरव्या पडतात, सॉकेटच्या पट्ट्या गंजतात, नळ्यांच्या (कौलारू) घरात भिंतीला ओल धरते. कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला खारेपणा जास्त, सत्तरी-सांगेकडे ओल जास्त. सैल आणि गंजलेला जोड कधी वीज सोडतो, कधी सोडत नाही. 'कधी कधी' होणाऱ्या दोषांचा मोठा वाटा या जोडांचाच असतो.

एक काम मात्र सगळ्यांच्या आधी करा. मशीन ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा. उद्याचा भरवसा नाही.

नेमके काय होते ते बघा

'चालू होत नाही' या तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात.

पहिले: बटण दाबले तरी काहीच नाही. पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. इथे वीज आत पोहोचत नाही, बटण काम करत नाही किंवा एसएमपीएस उठत नाही.

दुसरे: पंखा जरासा फिरतो आणि थांबतो. म्हणजे एसएमपीएस उठला, पण पुढे शॉर्ट किंवा जादा भार दिसला म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतले. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल नीट बसलेली नसली तरीही काही मशीन असेच वागतात.

तिसरे: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. यात एसएमपीएसवर संशय घेण्याआधी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरची केबल बघा. मॉनिटर वेगळ्या स्विचबोर्डावर लावलेला असतो आणि त्याचे बटण बंद असते, हेही घडते. मशीनमध्ये नुकतीच नवी डीडीआर 5 रॅम घातली असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटे काळी स्क्रीन दिसणे दोष नव्हे. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. मध्येच बंद करू नका.

एक चौथा, खोटा प्रकारही आहे. मशीन बंद नसतेच, स्लीपमध्ये गेलेले असते आणि उठत नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही. शिफ्ट धरून शट डाउनवर क्लिक केले तर पूर्ण बंद होते. काही दिवस तसे करून बघा. तक्रार गेली तर पेचकस हातात घ्यायची गरजच नाही.

वही ठेवा

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते. मशीन चालू झाले नाही की तारीख, वेळ, बाहेर पाऊस होता का, त्याआधी ते किती तास बंद होते, मागचे स्विच बंद होते का, नुकताच करंट जाऊन आला होता का, आणि शेवटी काय केल्यावर ते चालू झाले, एवढे एका ओळीत लिहा. मल्टिमीटर वापरता येत असेल तर भिंतीतला व्होल्टेजही नोंदवा. दहाबारा ओळी झाल्या की ठेका दिसू लागतो.

पहिल्यांदा दाबल्यावर नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दाबात चालू होतो, किंवा मेन चालू करून दहापंधरा मिनिटे तसाच ठेवला की मग उठतो: एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) थकलेत असे समजा. ते सकाळी धरलेल्या कंबरेसारखे असतात, एकदा हलती झाली की दिवसभर कुरकुर नाही. असे मशीन रात्रभर बंद राहिले की हट्ट करते आणि दुपारी चहा पिऊन आल्यावर लगेच सुरू होते.

प्लग काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय चालूच होत नाही: एसएमपीएसचे संरक्षण अडकले आहे. शॉर्ट किंवा जादा भार दिसला की ते कुलूप लागल्यासारखे बंद होते आणि मेन पूर्ण तोडल्याशिवाय सुटत नाही. ते का लागले हा पुढचा प्रश्न.

फक्त संध्याकाळी, आणि तेही एप्रिल-मेमध्ये: व्होल्टेज तपासा. त्या वेळी गावातले सगळे एसी आणि पंप एकदम चालू असतात.

चवथीला घर बंद करून गावी गेलात, आल्यावर चालू होत नाही, मग दोन दिवसांत आपोआप बरा होतो: ओल. पडून राहिलेल्या मशीनमध्ये ती साचते, आणि चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते.

टेबल हलले किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला पाय लागला की बंद: सैल जोड. यापेक्षा सोपा दोष नाही.

हात घालण्यापूर्वी

स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग भिंतीतून काढा. मग पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते. नंतरच झाकण उघडा. हात कोरडे, पायात चप्पल, आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात टेकवा.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. आतला कपॅसिटर बदलणारे कारागीर आहेत, ते काम त्यांचे.

भिंत आणि वायर

मशीन ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहे तिथून काढून थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला लावा. मध्ये यूपीएस, स्पाइक गार्ड, एक्स्टेन्शन काही नको. शक्य असेल तर दुसऱ्या खोलीतले सॉकेट घ्या. काही दिवस असेच चालवा. तक्रार गेली तर दोष वाटेतल्या वस्तूत आहे. मग एकेक वस्तू परत लावत जा, दोन एकदम लावू नका.

स्वस्त स्पाइक गार्डच्या लाल बटणात कार्बन साचतो. दिवा लागतो म्हणून वीज पुरेशी येते असे समजू नका. त्या छोट्या निऑन दिव्याला नगण्य करंट पुरतो, कॉम्प्युटरला नाही. प्लग घातल्यावर तो सॉकेटमध्ये डुगडुगत असेल, पिन काळी पडली असेल किंवा प्लास्टिक पिवळे झाले असेल तर ते सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या. हे खर्चाचे काम नाही.

कॅबिनेटच्या मागे जाणारी काळी केबलही बदलून बघा. मॉनिटरला बहुधा तशीच केबल असते, दोघांची अदलाबदल करा. दोष केबलबरोबर मॉनिटरकडे गेला तर चोर सापडला.

यूपीएसवर वेगळा परिच्छेद हवा, कारण गोव्यात पावसाळ्यात वाऱ्याने झाड तारांवर पडले की करंट जातो आणि घराघरांत यूपीएस असतोच. लहान यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते. थकलेल्या बॅटरीवर यूपीएसचा दिवा हिरवाच दिसतो, पण कॉम्प्युटर चालू होतानाचा पहिला झटका त्याला पेलवत नाही. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर आणखी एक घोळ. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून घेतलेला करंट सुधारणारे सर्किट) असलेले नवे एसएमपीएस तसल्या विजेवर कधी कधी उठत नाहीत. इन्व्हर्टरवर नाही आणि वीज खात्याच्या लाइनवर चालू होते, अशी नोंद वहीत दिसली तर कॉम्प्युटर निर्दोष आहे.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? टेस्टर लावल्यावर मिणमिणतो का? एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगते. करंट फार थोडा असतो, तरी ते तसेच सोडायचे नाही. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. वायरमनला सांगून तपासून घ्या. कॉम्प्युटर लावल्यावर ईएलसीबी (विजेची गळती दिसली की पुरवठा तोडणारे स्विच) पडत असेल तर स्पाइक गार्ड बाजूला काढून बघा. तरीही पडला तर मशीन लावू नका, आधी वायरमन.

एसएमपीएसच्या मागे लाल सरकते स्विच असेल तर त्यावर 230 दिसले पाहिजे. ते 115 वर नेऊन आपल्याकडच्या भिंतीला लावले तर मोठा आवाज होतो आणि तपासणी तिथेच संपते. आणि हो, मागचे काळे स्विच. साफसफाई करताना ते बंद होते आणि घरभर शोधाशोध चालते.

बटण

पॉवर बटण हे फक्त एक छोटे दाबायचे स्विच आहे. दोन तारा क्षणभर जोडतो आणि बोर्ड एसएमपीएसला उठवतो. वर्षानुवर्षे दाबून, धूळ आणि ओलीने ते कधी लागते, कधी नाही.

तपासायची सोपी युक्ती अशी. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये फ्रंट पॅनेलच्या पिनांचे चित्र असते, त्यात पॉवर स्विच आणि रीसेट स्विचच्या पिना शोधा. पॉवर स्विचची जोडणी काढा आणि त्या जागी रीसेट बटणाची जोडणी लावा. स्विचला उलटसुलट काही नसते, कशीही लावा. आता रीसेट बटण दाबून मशीन सुरू करा. आठवडाभर असे एकदाही अडले नाही, तर दोष पॉवर बटणात होता आणि तुमची दुरुस्ती फुकटात झाली. तसेच ठेवले तरी चालते.

एसएमपीएस

बाहेरचे सगळे ठीक निघाले तर आता पहिला संशय याच्यावर. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला, वर 450 वॉट लिहिलेला आणि हातात घेतल्यावर हलका लागणारा असेल तर संशय दुप्पट.

एसएमपीएस भिंतीला लावला की मशीन बंद असतानाही तो 5 व्होल्टची एक बारीक लाइन देत राहतो. तिला स्टँडबाय म्हणतात, तार जांभळी. पॉवर बटण ऐकायला बोर्ड जागा असतो तो याच विजेवर. ही लाइन अशक्त झाली की पहिले दुखणे, म्हणजे काहीच न होणे, अधूनमधून दिसते. अनेक बोर्डांवर एक लहान दिवा असतो, तो मेन चालू असताना जळत राहतो. मशीन अडेल त्या क्षणी तो दिवा बघा. विझलेला असेल तर दोष एसएमपीएसमध्ये किंवा त्याच्या मागे. पण तो जळत असला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून, 24 पिनांच्या प्लगच्या मागच्या बाजूने जांभळी आणि काळी तार तपासावी. 4.75 ते 5.25 व्होल्टच्या आत हवे. मशीन चालू असताना पिवळी तार 11.4 ते 12.6 आणि लाल तार जांभळीसारखीच 5 च्या आसपास. टोक घसरून दोन पिनांना एकदम लागू देऊ नका.

पेपर क्लिपची चाचणी खूप लोक सांगतात. प्लग काढायचा, एसएमपीएसच्या सगळ्या केबली मशीनमधून सोडवायच्या, 24 पिनांच्या प्लगमध्ये हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेशी क्लिपने जोडायची, मग प्लग लावून स्विच चालू करायचे. पंखा फिरला तर एसएमपीएस उठतो. चाचणी बरोबर आहे, पण लोक तिच्यातून भलता निष्कर्ष काढतात. इथे भार शून्य असतो. पंखा न फिरणे हे बऱ्यापैकी खात्रीचे उत्तर (काही एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरत नाही, तेवढे लक्षात ठेवा), पंखा फिरणे हे अर्धेच. रिकाम्या हाताने उठणारा भार आल्यावर बसू शकतो. सगळ्या तारा एकाच रंगाच्या असतील, किंवा मशीन एखाद्या कंपनीचे तयार असेल आणि प्लग वेगळ्या आकाराचा असेल, तर अंदाजाने क्लिप घालायची नाही. अशा मशीनमध्ये पिनांची मांडणी वेगळी असू शकते.

शेवटी एकच चाचणी खरी: चालू असलेला दुसरा एसएमपीएस मित्राकडून मागून आणा, लावा, आणि ज्या वेळी मशीन अडते त्याच वेळी, म्हणजे सकाळी थंड असताना, चालू करा. एकदा चालू झाले म्हणजे झाले, असे समजू नका. जुनाही दहातल्या सात वेळा चालू होतच होता. वहीत सलग ओळी स्वच्छ दिसू द्या.

नवा घ्यायचा ठरला तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला 400-450 वॉटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. आकड्यापेक्षा वॉरंटीची वर्षे बघा. '80 प्लस' हे वीज किती कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचे नाही, पण ज्यावर ते आहे तो निदान अगदीच पोकळ डबा नसतो. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा, एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतली मांडणी जुळेलच असे नाही, आणि हार्डडिस्क जळते.

कॅबिनेटच्या आत

झाकण उघडल्यावर आधी नुसते बघा. पालीची अंडी, मुंग्यांचे वारूळ, पंख्यात अडकलेले झुरळ यात नवल काही नाही. पालीच्या विष्ठेने पट्ट्या गंजतात, मुंग्या उबेला येतात. कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. ओले कापड नको.

मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर काढा, सोनेरी टोके पेन्सिल खोडायच्या पांढऱ्या रबराने हलकेच पुसा, रबराचा कीस झाडा, आणि दोन्हीकडच्या खिट्ट्या आवाज करून बसेपर्यंत दाबून बसवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर रबरापेक्षा ते बरे. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, हे आपल्याकडे पावसाळ्यात होणारे दुखणे बऱ्याचदा एवढ्यानेच जाते. गेले नाही तर एकाच पट्टीवर चालवा, मग दुसरीवर, मग दुसऱ्या खाचेत.

24 पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा चार-आठ पिनांचा प्लग काढून परत बसवा. पिना करपलेल्या दिसल्या तर थांबा.

पंखा जरासा फिरून थांबत असेल तर मागचे सगळे काढा: प्रिंटर, स्पीकर, पेनड्राइव्ह, अगदी माउसही. पुढच्या यूएसबी खाचेत डोकावून बघा. आतली पट्टी वाकून पत्र्याला टेकलेली असते आणि तेवढ्यानेही मशीन उठत नाही. तरीही तेच, तर हार्डडिस्क आणि ग्राफिक्स कार्ड सोडवून फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढ्यावर चालू करा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स नसेल तर चित्र येणार नाही, पण पंखे फिरत राहतात की थांबतात हे कळते. मग एकेक जोडत जा.

बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर 2032, नवी असताना 3 व्होल्टची असते. घड्याळ मागे पडत असेल तर बदला, स्वस्त आहे. काही बोर्ड ती मेल्यावर सुरू होताना अडतात, पण सगळा दोष तिच्या माथी मारणे मला पटत नाही.

बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी पाझर आलेले दिसले, तर तुमचे काम संपले. एसएमपीएस बदलून, सगळे सोडवूनही मशीन अडत असेल तरी तेच. मदरबोर्डच्या दुरुस्तीला कारागीर लागतो.

दुकानात नेताना

वही बरोबर न्या. 'चालू होत नाही' असे मोघम सांगण्याऐवजी 'रात्रभर प्लग काढलेला असेल तर सकाळी पहिल्या तीन दाबांत उठत नाही, बोर्डावरचा दिवा जळत असतो, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला' असे सांगा. म्हापशाहून मडगावपर्यंत कुठल्याही दुकानात एवढे ऐकल्यावर माणूस टेबलावर मशीन घेऊन वेगळ्या नजरेने बघतो. भाग बदलला तर जुना भाग परत मागा आणि बिलावर वॉरंटी लिहून घ्या.

तुमचा दोष थंड मशीनचा असेल तर रिक्षात हलत आलेले, टेबलावर लगेच लावलेले मशीन तिथे चालू होणारच. म्हणून एक रात्र प्लग काढून दुकानातच ठेवायला सांगा, आणि 'सकाळी कॉम्प्युटरचा मालक येण्याआधी चालू करू नये' अशी चिठ्ठी कॅबिनेटवर चिकटवा. दुकान उघडताना तुम्ही तिथे हजर राहा.